‘तीन वर्षे नोकरीची हमी’ कोणाच्या भरवशावर?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत मागच्या पंधरवड्यात परदेशी शिक्षणाच्या मेळाव्याची अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात होती. विमान, काळ्या टोप्या उडवणारी पोरं आणि खाली ठळक अक्षरांत, ‘अमेरिकेत शिका, शिक्षणानंतर तीन वर्षे नोकरीची हमी’. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. ती जाहिरात कापून, सातबाऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, म्हणून लिहिते आहे.

माझं रोजचं काम उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, पीकविमा, पीएम किसानचं केवायसी. गेल्या काही वर्षांत त्यात अमेरिकन व्हिसाचा डीएस-१६० फॉर्मही आला. शहरात एजंट त्याचे हजारो रुपये घेतात, मी प्रिंटचे घेते. शिवाय माझ्या मोठ्या जावेचा मुलगा टेक्सासमध्ये कॉम्प्युटर सायन्सचं एम.एस. करतो आहे. त्याचे सगळे कागद माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि घरात इंग्रजी वाचणारी मीच असल्यामुळे नियम वाचायचं कामही माझ्याकडेच.

तर अमेरिकेत अशी हमी कोणी देत नाही, सरकारही नाही आणि विद्यापीठही नाही. सरकार देतं ती काम करण्याची परवानगी. तीही मागितली तर, मुदतीत मागितली तर. नोकरी पोरानं स्वतः शोधायची. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित काम करायला बारा महिने मिळतात, त्याला ओपीटी म्हणतात. पदवी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या गटातली असेल, म्हणजे तिकडच्या भाषेत स्टेम असेल, तर आणखी चोवीस महिन्यांसाठी दुसरा अर्ज करता येतो. जाहिरातवाल्यांची तीन वर्षं इथून आली. पण दुसऱ्या अर्जाला नोकरी आधी हातात लागते, कंपनी ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली लागते, आणि मुलाला काय शिकवणार याचा आराखडा आय-९८३ या फॉर्मवर कंपनीनं सही करून द्यावा लागतो. दोन-चार माणसांच्या दुकानाला हे जमेलच असं नाही.

हे चोवीस महिने कोणाला मिळतात, यावर तर आमच्याकडे सर्रास फसगत होते. मागच्या वर्षी शेजारच्या गावातले दोन चुलतभाऊ एकाच एजंटाकडे गेले. एकानं कॉम्प्युटर घेतलं, दुसऱ्यानं एमबीए. तीन वर्षं दोघांनाही सांगितली. साध्या एमबीएला बाराच महिने आहेत! त्याच इमारतीत, त्याच प्राध्यापकांकडे ‘मॅनेजमेंट सायन्स’ किंवा ‘बिझनेस अ‍ॅनालिटिक्स’ म्हणून नोंदलेला अभ्यासक्रम असेल तर तो स्टेममध्ये बसू शकतो. ठरतं ते अभ्यासक्रमाच्या नावावर नाही, त्याच्या सहा आकडी कोडवर. हा कोड विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-२० या कागदावर छापलेला असतो. जमीन कशी गट नंबरावरून ओळखायची, मालक काहीही सांगो, तसाच तो कोड पाहायचा. पैसे भरायच्या आधी तो मागून घ्या आणि अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या यादीत शोधा. यादी फुकट आहे, मोबाइलवर उघडते. आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मृदाशास्त्र, पीकशास्त्र, अन्नशास्त्र हे विषयही त्या यादीत आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. अ‍ॅग्री केलेल्या पोराला एजंट मॅनेजमेंटकडे का ढकलतात, ते त्यांनाच विचारा. कमिशन कुठल्या कॉलेजचं जास्त, तेही सोबतच विचारून घ्या.

आता तारखा. माझा अर्धा जन्म ‘शेवटची तारीख’ या शब्दांत गेला आहे, म्हणून हे डोळ्यात भरतं. पहिला अर्ज अभ्यासक्रम संपायच्या नव्वद दिवस आधीपासून ते संपल्यावर साठ दिवसांपर्यंतच करता येतो. आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयानं सेव्हिस या संगणक प्रणालीत शिफारस टाकायची, मग त्या शिफारशीपासून तीस दिवसांच्या आत आय-७६५ हा अर्ज पोचला पाहिजे. एका दिवसानं उशीर झाला तरी अर्ज बाद. इथे तहसीलदारांना विनंती करता येते, तिथे ती सोय नाही. ऑनलाइन फी ४७० डॉलर, म्हणजे चाळीस हजारांच्या वर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरला तर पाच क्विंटल कापूस झाला. तो हमीभाव आमच्या दारात मिळतोच असंही नाही, पण ते पत्र वेगळं लिहीन. लवकर उत्तर हवं असेल तर वेगळी जादा फी आहे, आणि ती मूळ फीच्या कितीतरी पट आहे. मे महिन्यात पदवी मिळणाऱ्या मुलाची मुदत फेब्रुवारीत सुरू होते. म्हणजे इकडे बाप मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं करायला बँकेच्या रांगेत, तेव्हाच तिकडे पोराला हे पाच क्विंटल लागतात. आधी माहीत असतं तर तूर विकतानाच बाजूला काढता आले असते.

आणि मे म्हटला की लग्नं. आमच्या भागात मे महिन्यात दिवसाला दोन-दोन लग्नं असतात. पोरगं पदवीधर झालं की घरचे म्हणतात, ये बाप्पा, बहिणीचं लग्न उरकू, मग जा निवांत. अर्ज न करता पोरगं निघून आलं तर इथून तो करता येत नाही, अर्ज करताना अमेरिकेत हजर असावं लागतं. अर्ज करून आला, काम करण्याच्या परवानगीचं कार्ड मिळालं आणि नोकरी नसताना इथे महिनाभर थांबला, तर तो महिनाही बेरोजगारीत मोजतात.

बेरोजगारीचं हे मोजमाप आमच्या गावात कोणालाच माहीत नाही, आणि खरं दुखणं तिथे आहे. ओपीटीच्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसच नोकरीविना राहता येतं. सलग नव्हे, तुकड्यातुकड्यानं धरून. कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजणी चालू होते. पुढचे चोवीस महिने मिळाले तर त्यात साठ दिवसांची भर, म्हणजे सगळे मिळून दीडशे. नव्वद ओलांडले की राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. बरं, नोकरी कुठलीही चालत नाही. आठवड्याला किमान वीस तास आणि शिकलेल्या विषयाशी संबंधित.

इथे आमच्याकडचं शहाणपण उलटं पडतं. शेतकऱ्याच्या घरात काम म्हणजे काम. निंदण असो, हमाली असो, जिनिंगवर रात्रपाळी असो, हात रिकामा ठेवायचा नाही. पोरगं फोनवर म्हणालं की अजून काही जमलं नाही, तर माय म्हणते, ‘कायले लाजते बाप्पा, पेट्रोल पंपावर उभा राह्य, दोन पैसे तं भेटतीन.’ मायेनं म्हणते ती. पण कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या पोरानं पेट्रोल पंपावर काम केलं तर ते विषयाशी संबंधित नाही, म्हणून ओपीटीत मोजलं जात नाही. मोजणी थांबत नाहीच, वर परवानगी नसलेलं काम केल्याचा ठपका बसतो. आमच्या गावात यात आणखी एक तिढा आहे. एका घरचा मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या ग्रॅज्युएट व्हिसावर जवळपास कुठलंही काम चालतं, तो गोदामात पार्सलं उचलतो आणि महिन्याला पैसे पाठवतो, कायद्यात बसून. अमेरिकेतल्याचा बाप पारावर बसून ऐकतो आणि रात्री पोराला म्हणतो, ‘त्याचं पोट्टं गोदामात कमावते, तुले काहून लाज वाटते?’ दोघांच्या देशांचे नियम वेगळे आहेत, हे बापाला कोण सांगणार? जाहिरातीत दोन्ही झेंडे शेजारी-शेजारीच असतात.

नव्वद दिवस सरत आले की पोरं कुठे वळतात, तेही लिहिते. कागदावर नोकरी दाखवणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’ तिकडे आहेत. पगार नाही, काम नाही, उलट पोरानंच पैसे द्यायचे आणि त्यांनी नोकरीचं पत्र द्यायचं. असं पत्र पुढे व्हिसाच्या वेळी गळ्यात येतं. राहण्याचा हक्क टिकवायला नुसता प्रवेश विकणारी कॉलेजंही होती. २०१९ मध्ये मिशिगनमधल्या ‘फार्मिंग्टन विद्यापीठा’चा मामला फुटला तेव्हा कळलं की ते विद्यापीठ अमेरिकन सरकारच्याच इमिग्रेशन पोलिसांनी सापळा म्हणून उभं केलं होतं. सुरुवातीला पकडलेल्या १३० जणांपैकी १२९ भारतीय होते. नियमात राहून एक वाट आहे, ती कोणी सांगत नाही. पहिल्या बारा महिन्यांत बिनपगारी काम, विषयाशी संबंधित आणि आठवड्याला वीस तासांचं, कामगार कायद्यात बसत असेल तर बेरोजगारी धरत नाहीत. प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत, एखाद्या सेवाभावी संस्थेत. पुढच्या चोवीस महिन्यांत मात्र पगारीच काम लागतं. आमच्या पुतण्यानं आतापासून आपल्या प्राध्यापकाला विचारून ठेवलं आहे. जाऊबाई म्हणाल्या, ‘एवढे लाख घालून फुकट राबायचं?’ मी म्हटलं, नव्वद दिवसांचं मीटर तरी थांबते.

आता लाखांचं बघा. शेतकऱ्याकडे तारण काय? जमीन. आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बँक शेतजमीन सहसा घेत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, बुडीत कर्जापोटी बँकेला ती त्या कायद्यानं विकता येत नाही. नियम शेतकऱ्याच्या भल्याचाच आहे. पण मग मॅनेजर म्हणतात, एन.ए. प्लॉट आणा, शहरातला फ्लॅट आणा. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतात, तेवढ्यात विमानाचं तिकीट आणि एखादं सेमिस्टर होतं. म्हणून यवतमाळच्या मामाचा प्लॉट, अमरावतीच्या आत्याचं घर अडकवतात, नाहीतर खासगी फायनान्स कंपनीकडे जातात. तिथे व्याज चढं, आणि बरेचदा शिक्षण चालू असतानाच थोडं व्याज भरायला लावतात. चाळीस लाखांवर अकरा टक्के धरले तर वर्षाचं नुसतं व्याज चार लाख चाळीस हजार. कोरडवाहू कापूस एकरी पाच-सहा क्विंटल धरा आणि किती एकर लागतील ते तुम्हीच काढा.

सरकारी बँकांच्या योजनेत हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतात. ओपीटीचं पहिलं कार्ड किती दिवसांचं? बारा महिन्यांचं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हाच पहिली परवानगी संपत आलेली असते, आणि त्याच सुमारास पुढच्या चोवीस महिन्यांचा अर्ज करायचा असतो. एमबीएवाल्या चुलतभावाला तर तोही नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबाच्या टेबलावर हप्त्यांचा तक्ता असतो, पंधरा वर्षांचा, महिन्यागणिक. शेजारी पोराच्या परवानगीचा तक्ता ठेवायला कोणाची हरकत आहे? मी एका शाखेत हे विचारलं. साहेब म्हणाले, व्हिसा हा आमचा विषय नाही. पैसे मात्र व्हिसाच्याच भरवशावर वसूल होणार आहेत.

तीन वर्षांनंतर काय, हे जाहिरातीत नसतंच. पुढे नोकरीसाठी राहायला एच-१बी व्हिसा लागतो, त्याची वर्षाची मर्यादा ६५,०००, आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. जगभरातून अर्ज याच्या कितीतरी पट येतात, म्हणून निवड करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली तेव्हा गावात रात्रभर फोन चालले होते. पुढच्या महिन्यात खुलासा आला की तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही. तो खुलासा मराठीत वाचायला मला कुठे मिळाला नाही. ओपीटीचाही पाया समजून घ्यायला हवा. अमेरिकन संसदेनं ही योजना कायद्यात नावानं लिहिलेली नाही, ती खात्याच्या नियमावलीत आहे. तिच्याविरुद्धचा खटला कोर्टात २०२२ मध्ये टिकला नाही. पण नियमावली बदलायला संसद लागत नाही. चोवीस महिन्यांची मुदतसुद्धा २०१६ पासूनची, त्याआधी सतराच महिने होते.

इतर देशही हात आखडता घेत आहेत. इंग्लंडचा ग्रॅज्युएट व्हिसा आता दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळेल, पीएच.डी. सोडून. म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या कोर्सला जाणाऱ्या पोराला दीडच वर्ष. कॅनडानं शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याला नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची परीक्षा घातली. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने देतं आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात ठेवावे लागतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी जर्मनीबद्दल दोनदा सांगते. भाषा शिकायचं नाव काढलं की ते उठतात.

कोणी म्हणेल, ही बाई खेड्यातल्या पोरांना घाबरवते आहे. अजिबात नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारतातले ३,३१,६०२ विद्यार्थी होते, त्यातले ९७,५५६ ओपीटीवर, म्हणजे परवानगी घेऊन काम करणारे. आपल्याच पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्ड गाठलं होतं. बाबासाहेबांना बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि पुढे त्यांनी तो पुरा केला. जावं पोरांनी. माझी स्वतःची मुलगी बारावीला आहे, तिनं जायचं ठरवलं तर मी अडवणार नाही. पण मामाचा प्लॉट अडकवताना मामाला तारखा माहीत हव्यात.

संपादक महोदय, आपल्याकडे माझं मागणं असं. औषधाच्या, शेअर बाजाराच्या जाहिरातींखाली सूचना छापतात. परदेशी शिक्षणाच्या जाहिरातीत ‘हमी’ दिसली तर ती कोण देतो, हे आपल्या जाहिरात विभागानं लेखी मागावं, आणि न मिळाल्यास जाहिरात परत करावी. जिल्हा अग्रणी बँकेनं शिक्षण कर्जाच्या मंजुरीपत्रासोबत त्या-त्या देशाच्या परवानगीचं एक पान मराठीत द्यावं, आणि त्यावर विद्यार्थ्यासोबत जामीनदाराचीही सही घ्यावी. अमरावती विद्यापीठानं वर्षातून एकदा तरी तालुक्याच्या ठिकाणी येऊन फुकट माहिती द्यावी. मुंबईत अमेरिकन सरकारचं एज्युकेशन-यूएसएचं सल्ला केंद्र आहे, ते ऑनलाइनही बोलतात. त्यांना आमच्या तालुक्याला बोलावणं फार अवघड नसावं.

तोवर माझ्या केंद्राच्या दारावर, पीकविम्याच्या तारखेखाली, मी हाताने लिहून एक कागद लावला आहे. आय-२० वरचा कोड, नव्वद दिवस आधी, साठ दिवस नंतर, अर्ज अमेरिकेत असतानाच, बेरोजगारीचे नव्वद. पोराला ‘नोकरी लागली का’ विचारून झालं की ‘पोर्टलवर कंपनीचं नाव भरलं का’ हेही विचारा, कारण नोकरी लागली, सुटली किंवा नुसता राहण्याचा पत्ता बदलला तरी दहा दिवसांत कळवावं लागतं. कोणाला त्या कागदाची झेरॉक्स हवी असेल तर घेऊन जावी, पैसे नाहीत. सोमवारी मात्र येऊ नका, सोमवारी आमच्याकडे सर्व्हर डाऊन असतो.

आपली वाचक,
सेवा केंद्र चालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ